तगर आणि व्हॅलेरियन: विदर्भातील परसबागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅलेरियन आणि तगर या झोपेसाठी मुळे वापरल्या जाणाऱ्या वनस्पती. दसरा उलटला की वर्धा, यवतमाळ, अमरावती, भंडारा या भागांतील गावांतून व्हॅलेरियनचे बियाणे आणि तगराची मुळे यांविषयी तेच ते प्रश्न येऊ लागतात. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. लागवडीचे प्रश्न आधी आणि औषधी वापराचे नंतर घेतले असून, एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हॅलेरियन आणि तगर ही एकच वनस्पती आहे का?

दोन्ही वनस्पती व्हॅलेरियाना या एकाच प्रजातीतल्या असल्या, तरी जाती वेगळ्या आहेत. युरोपात औषधासाठी वापरली जाते ती व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस. हिची पाने पिसासारखी विभागलेली असतात, फुलोऱ्याचा दांडा दीड मीटरपर्यंत उंच जातो आणि फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी व सुगंधी असतात. आयुर्वेदातील तगर म्हणून बाजारात येते ती व्हॅलेरियाना जटामांसी. जुन्या पुस्तकांत हिलाच व्हॅलेरियाना वॉलिची म्हटले आहे. ही हिमालयात साधारण १,५०० ते ३,००० मीटर उंचीवर, काश्मीरपासून भूतानपर्यंत, ओलसर सावलीत वाढते. झाड गुडघ्याच्याही खाली राहते आणि बुंध्याची पाने हृदयाच्या आकाराची असतात. दोघींची मुळे वाळल्यावर सारखाच उग्र वास सोडतात आणि दोघींचा पारंपरिक उपयोगही बराचसा जुळतो. म्हणून पुढील उत्तरांत फरक पडतो तेथेच जातीचे नाव वेगळे घेतले आहे.

२. आमच्या अंगणात तगरीचे पांढऱ्या फुलांचे मोठे झुडूप आहे. त्याची मुळी उगाळून झोपेसाठी घेता येईल का?

नाही, घेऊ नये. देवपूजेसाठी ज्याची फुले आपण रोज खुडतो आणि ज्याला पुष्कळ ठिकाणी चांदणी म्हणतात, ते झुडूप टॅबर्नेमोंटाना डायव्हरिकॅटा आहे. ते कण्हेरीच्या कुळातले असून त्याचा व्हॅलेरियनशी काहीही संबंध नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते हे झुडूप. औषधी तगराला चीक नसतो, ते झुडूप होत नाही आणि विदर्भाच्या अंगणात आपोआप तर ते कधीच उगवत नाही. नावाच्या या सारखेपणामुळे चुकीची मुळी पोटात जाण्याचा धोका खरा आहे, म्हणून हा प्रश्न इतक्या वर घेतला.

३. जटामांसी म्हणजे तगरच ना? दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून देतो.

शास्त्रीय नावात जटामांसी हा शब्द आल्यामुळे हा घोळ होतो. खरी जटामांसी म्हणजे नार्डोस्टॅकिस जटामांसी. ती तगरापेक्षाही उंच, ३,००० मीटरच्या वर वाढते आणि तिच्या मुळाभोवती केसांसारखे तपकिरी धागे असतात. जंगलातून बेसुमार उपसा झाल्याने तिची गणना आज अतिशय संकटग्रस्त वनस्पतींत होते आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ पासून साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या, कराराचे नियंत्रण आहे. तिची लागवड विदर्भात करण्याचा विचारही करू नये. तगर विकत घेताना काय पाहावे ते प्रश्न १४ मध्ये आहे.

४. विदर्भाच्या उन्हात हे झाड जगते तरी का?

हिवाळ्यात उत्तम जगते. उन्हाळ्यात ते जगवावे लागते, आणि पुष्कळदा तेवढे करूनही जगत नाही. दोन्ही जाती थंड हवेच्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्याकडची रात्र १० ते १५ अंशांवर येते, दिवसाचे ऊन सोसण्याजोगे असते आणि हवा कोरडी असते. एवढे हवामान या झाडाला पुरते. मार्चच्या मध्यापासून पाने दुपारी माना टाकू लागतात आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की उघड्यावरचे झाड काही दिवसांत संपते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: विदर्भाच्या सपाट भागात व्हॅलेरियन हे चार-सहा कुंड्यांत हौसेने आणि ओळख करून घेण्यासाठी लावण्याचे झाड आहे. वावरात लावण्याचे ते नव्हे. दोन जातींपैकी निवडायची झाल्यास बियाण्यापासून सहज होणारी युरोपीय जात घ्यावी. हिमालयातले तगर कंदाच्या तुकड्यांपासून लावतात आणि ते तुकडे प्रवासात बहुधा सडूनच पोहोचतात.

५. बियाणे केव्हा आणि कसे पेरावे? मागच्या वर्षीचे उरलेले चालेल का?

ऑक्टोबरची उष्मा ओसरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे पेरावे. घाई करून दसऱ्यालाच पेरले तर बी उष्णतेने बसून राहते. बी बारीक असून त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो. त्यामुळे ते मातीत गाडू नये; ओल्या, चाळलेल्या मातीवर पसरून हाताने हलके दाबावे आणि पाणी झारीने न देता फवाऱ्याने द्यावे. वरून वर्तमानपत्र किंवा पोते झाकण्याची आपली नेहमीची रीत येथे उपयोगाची नाही, कारण त्याने उजेडच अडतो. झाकायचेच असेल तर पारदर्शक प्लास्टिक वापरावे. उगवण साधारण दोन ते तीन आठवड्यांत दिसते. रोपाला चार-पाच पाने आली की कुंडीत हलवावे.

जुन्या बियाण्यावर विसंबू नये. व्हॅलेरियनच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरातच झपाट्याने उतरते, आणि आपल्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या पाकिटाचे तर विचारूच नये. “बियाणे खोटे निघाले” अशा तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बियाणे केवळ शिळे असते. विकत घेताना पाकिटावरचे वर्ष पाहावे.

६. आमची जमीन काळी, भारी आहे आणि विहिरीचे पाणी खारट आहे. त्यात लावले तर?

काळी कपाशीची माती या झाडाला दोन्ही ऋतूंत त्रास देते. पावसात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगाळताना बारीक मुळे तोडते. व्हॅलेरियनची मुळे दोऱ्यासारखी बारीक व वरच्या थरातच पसरणारी असल्याने हा मार तिला सोसत नाही. त्यामुळे कुंडी घ्यावी आणि तीत पोयट्याची माती, जुने कुजलेले शेणखत आणि जाड रेती सारख्या प्रमाणात घालावी. भंडारा-गोंदियाकडे धानाचे तूस सहज मिळते. रेतीच्या निम्म्या जागी ते घातले तरी माती मोकळी राहते. ताजे शेणखत घालू नये. कुंडी मातीचीच आणि निदान एक फूट खोल असावी, कारण मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून बाहेरून वाफ होते आणि आतली माती थंड राहते. प्लास्टिकची कुंडी एप्रिलमध्ये मुळांना अक्षरशः शिजवते.

पाण्याचे म्हणाल तर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या त्या भागात, बोअरचे पाणी कुंडीला देऊ नये. वावरातले क्षार पावसाने थोडेफार धुऊन जातात. कुंडीतले तेथेच साचतात आणि पानांच्या कडा जळू लागतात. पन्हाळीचे साठवलेले पाणी किंवा पिण्याच्या नळाचे पाणी वापरावे.

७. उन्हाळ्यात कुंडी वाचवण्याचा काही खात्रीचा उपाय आहे का?

खात्रीचा नाही, पण शक्यता वाढवणारे उपाय आहेत, आणि ते विदर्भाच्या हवेचा स्वभाव ओळखूनच करावे लागतात.

आपला एप्रिल-मे अतिशय कोरडा असतो. हवा जितकी कोरडी, तितके पाणी वेगाने उडते आणि तितका थंडावा अधिक मिळतो. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी, दाट झाडाच्या सावलीत, जमिनीत अर्धी पुरून ठेवावी, भोवती गोणपाट गुंडाळावे आणि ते दिवसातून दोन-तीनदा भिजवावे. मातीवर गव्हाच्या कुटाराचे किंवा वाळल्या पानांचे आच्छादन द्यावे. हिरवी जाळी एकटी पुरत नाही: ती ऊन अडवते, गरम वारा अडवत नाही, आणि नुकसान मुख्यतः त्या वाऱ्यानेच होते. घरात कूलर असेल तर दुपारी त्या खोलीत खिडकीशी ठेवलेल्या कुंड्या सर्वांत चांगल्या तगतात, हे येथील वाचकांनीच कळवले आहे.

या काळात वरची पाने वाळून गेली तरी कुंडी लगेच फेकू नये, कारण गड्डा जिवंत असू शकतो. माती कोरडी होऊ न देता, पण चिखलही न करता, वाट पाहावी. खत मात्र अजिबात देऊ नये.

अंजनगाव सुर्जी आणि अकोट परिसरात पानपिंपळी पिकवणारे शेतकरी उंच झाडांच्या सावलीत, सतत ओलावा राखून, नाजूक वेल वर्षानुवर्षे सांभाळतात. व्हॅलेरियनला ज्या प्रकारची हवा हवी तिच्या सर्वांत जवळची हवा आपल्या सपाट भागात अशा पानमळ्यांतच मिळते. कुणाकडे असा मळा असेल तर कुंड्या तेथे ठेवून पाहाव्यात.

८. उन्हाळा काढला, पण मृगाच्या पावसानंतर झाड एकाएकी पिवळे पडून बसले. असे का होते?

ती मूळकूज असते. पाऊस सुरू होताच हवेतील दमटपणा वाढतो, गोणपाट भिजवण्याचा उपाय निरुपयोगी होतो आणि उन्हाने थकलेल्या मुळांभोवती पाणी साचते. पहिल्या मोठ्या पावसाआधीच कुंडी जमिनीतून वर काढून ओसरीत, दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालचे छिद्र मोकळे राहते. कुजलेले झाड सहसा परत येत नाही; निरोगी पांढरट मुळाचा तुकडा अंकुरासह सापडला तर तो वेगळा लावून पाहावा.

९. फुले येतील का?

व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी फुलते, आणि दुसरे वर्ष गाठणे हीच विदर्भातली अडचण आहे. फुलोरा आलाच आणि मुळांसाठी झाड ठेवले असेल, तर दांडा लवकर खुडावा, कारण बी धरण्यात झाडाची शक्ती गेली की मूळ पोसत नाही. हौसेसाठी लावले असेल तर ठेवावा; फुलांचा वास गोड असतो आणि मुळांच्या वासाची त्यात जराही कल्पना येत नाही.

१०. चिखलदऱ्याला आमचे घर आहे. तेथे तर कॉफीसुद्धा होते, मग हे का होणार नाही?

विदर्भात कुठे आशा असेल तर ती चिखलदऱ्यालाच आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीमुळे तेथील उन्हाळा सौम्य असतो आणि घराजवळच्या सावलीत, उतारावर, निचऱ्याच्या वाफ्यात झाड दोन-तीन वर्षे राहू शकते. तरी तगराच्या हिमालयातील मूळ पट्ट्यापेक्षा ही उंची कमीच आहे आणि तेथला जोराचा पाऊस हे मोठे संकट आहे, म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. एक विनंती: रोपे किंवा बी मेळघाटच्या जंगलात लावू वा टाकू नये. उत्तर अमेरिकेत बागेतून सुटलेली व्हॅलेरियन काही भागांत तणासारखी पसरली आहे. बाहेरची वनस्पती राखीव जंगलात नेणे कोणत्याही कारणाने योग्य नाही.

११. एकरभर तगर लावा, माल आम्हीच परत घेऊ, असे सांगणारे लोक गावात आले होते. लावावे का?

लावू नये. कारणे प्रश्न ४, ६ आणि ८ मध्ये आली आहेत. एकरभर जमिनीवर कूलर लावता येत नाही. सफेद मुसळीच्या वेळी विदर्भाने हा खेळ पाहिला आहे: महागडे बेणे आधी रोख विकले जाते, परत घेण्याची हमी तोंडी असते, आणि माल निघतो तेव्हा घेणारा सापडत नाही. कुणी असा प्रस्ताव आणलाच तर करार लेखी मागावा आणि आपल्याच तालुक्यात दोन उन्हाळे काढलेले पीक प्रत्यक्ष दाखवण्यास सांगावे. तगराच्या लागवडीचे काम हिमाचल प्रदेशातील पालमपूरसारख्या ठिकाणच्या संशोधन संस्था करतात, ते तेथील हवेमुळेच.

वनौषधीच लावायची असेल तर आपल्या जमिनीला मानवणारी निवडावी. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत अश्वगंधा होते आणि सिंचनाची सोय असल्यास शतावरीचा विचार करता येतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तेथे जाऊन झाडे पाहावीत, प्रश्न विचारावेत आणि मगच पैसा घालावा.

१२. मुळे केव्हा काढावीत आणि कशी वाळवावीत?

थंड प्रदेशात दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत, पाने पिवळी पडू लागल्यावर मुळे काढतात. आपल्याकडे झाड उन्हाळ्यातून तरणार नाही असे दिसत असेल, तर होळीच्या सुमारास काढून घेणे शहाणपणाचे ठरते. एका हिवाळ्याच्या कुंडीतून वाळलेले मूळ मूठभरही निघत नाही, ही अपेक्षा आधीच ठेवावी.

गड्डा उपटून माती झटकावी, वाहत्या पाण्यात लवकर धुवावा, पण भिजत घालू नये. जाड गड्डा उभा चिरावा. वाळवण सावलीत, हवेशीर जागी, चाळणीवर किंवा बाजेवर कापड टाकून करावी. उन्हात टाकू नये: मुळातील उडनशील तेल आणि इतर घटक उष्णतेने नष्ट होतात, म्हणून तापमान ४० अंशांच्या वर जाऊ न देण्याचा नियम आहे, आणि आपल्या गच्चीवर मार्चमध्येच ती मर्यादा ओलांडली जाते. मूळ वाकवल्यावर कट्कन मोडले की वाळले असे समजावे. काचेच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावे आणि वर्षभरात वापरून टाकावे.

१३. वाळल्यावर घरभर इतकी दुर्गंधी का सुटते? आणि मांजर बरणीभोवती लोळते ते का?

ताज्या मुळाला वास कमी असतो. वाळताना आतील व्हॅलेपोट्रिएट नावाची संयुगे मोडतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल मोकळे होते. पायाच्या घामाला येणारा वासही याच आम्लाचा असतो. त्यामुळे वास आला म्हणजे मूळ बिघडले असे नाही. बुरशीचा कुबट वास मात्र वेगळा असतो आणि तो आल्यास मूळ फेकावे. मांजरांना मुळातील ॲक्टिनिडिन आणि त्यासारखी द्रव्ये आकर्षून घेतात. त्यांना त्याने गुंगी येत नाही, उलट चेव येतो. नव्याने लावलेल्या कुंड्याही मांजरे उकरतात. वर बाभळीचे काटे टाकणे हा गावातला उपाय येथेही चालतो.

१४. झाड जमले नाही तर तगर विकत घेताना काय पाहावे?

नागपूरच्या इतवारीसारख्या जुन्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानी तगर-गंठोडा किंवा सुगंधबाला या नावाने माल मिळतो. खऱ्या तगराचा गड्डा वेडावाकडा, बोटाएवढा जाड, मळकट तपकिरी आणि आडव्या वळ्यांचा असतो. मोडला की प्रश्न १३ मधला वास लगेच येतो. सुगंधबाला हे नाव पावोनिया ओडोराटा या पूर्णपणे वेगळ्या वनस्पतीच्या मुळांसाठीही वापरले जाते, म्हणून केवळ त्या नावावर माल घेऊ नये. चूर्ण घेण्यापेक्षा अखंड गड्डा घ्यावा, कारण चुर्णात काय मिसळले आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

१५. आयुर्वेदात तगर नेमके कशासाठी सांगितले आहे?

चरकसंहितेत ते शीतप्रशमन, म्हणजे थंडी कमी करणाऱ्या दहा द्रव्यांच्या गटात येते आणि सुश्रुताच्या एलादि गणात वेलची, कोष्ठ, जटामांसी या सुगंधी द्रव्यांबरोबर येते. भावप्रकाशात त्याला उष्ण, लघु व स्निग्ध म्हटले असून विष, अपस्मार (मिरगी), डोक्याचे व डोळ्यांचे विकार यांवर उपयोग सांगितला आहे. आज वैद्य ते मुख्यतः झोप न लागणे, मनाची अस्वस्थता आणि अंगातील पेटके यांसाठी, बहुधा इतर द्रव्यांबरोबर योजतात. जुन्या ग्रंथांतील दोन उपयोगांविषयी वेगळी सावधगिरी हवी. त्यासाठी प्रश्न १९ आणि २० पाहावेत.

१६. याने खरोखर झोप येते का?

काहींना फायदा वाटतो, परंतु पुरावा पक्का नाही. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने सौम्य मानसिक ताण व झोपेच्या तक्रारींसाठी व्हॅलेरियन मुळाचा वापर मान्य केला आहे. याउलट अमेरिकेतील निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत निद्रानाशावर ते वापरू नये असे सुचवले आहे, कारण उपलब्ध पुरावा कमजोर आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: घेतले आणि त्याच रात्री गाढ झोप लागली, असे हे औषध नाही; परिणाम झालाच तर दोन ते चार आठवडे नियमित घेतल्यावर दिसतो. शिवाय हे अभ्यास बहुतांशी युरोपीय जातीवर झाले आहेत, तगरावर फार थोडे, त्यामुळे एकीचा निष्कर्ष दुसरीला सरसकट लावू नये.

१७. किती आणि कसे घ्यावे?

आयुर्वेदिक परंपरेत चुर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम धरतात. युरोपीय पद्धतीत तितक्याच, फार तर थोड्या कमी-अधिक, कुटलेल्या मुळावर उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवतात आणि गाळून झोपण्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. मूळ चहासारखे खळखळा उकळू नये. चव कडवट असते. गूळ घालून ती झाकली जाते, वास झाकला जात नाही. प्रथम वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावे, कमीत कमी मात्रेने सुरुवात करावी आणि महिनाभरात फरक न पडल्यास थांबावे. घरच्या कुंडीतील मुळात घटक किती उतरले आहेत हे मोजता येत नाही, हेही लक्षात असावे.

१८. कोणी घेऊ नये? काही अपाय होतात का?

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि बारा वर्षांखालील मुले यांना देऊ नये. यकृताचा विकार असलेल्यांनी टाळावे, कारण यकृताला इजा झाल्याच्या, विरळ का होईना, नोंदी आहेत. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घेऊ नये, आणि दारूबरोबर, मग ती मोहाची का असेना, मुळीच घेऊ नये. गुंगी एकमेकींत मिसळून वाढते. डोके दुखणे, पोट बिघडणे, विचित्र स्वप्ने पडणे आणि सकाळी जडपणा वाटणे हे नेहमीचे त्रास आहेत.

ग्रामीण भागासाठी एक मुद्दा मुद्दाम सांगावासा वाटतो. कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीच्या पाळीत असते, त्या आठवड्यात हे औषध घेऊन ओलिताला जाऊ नये. अंधारात पंपाच्या पेटीशी, विहिरीच्या काठाशी आणि विंचू-सापांच्या वाटेत गुंगीत वावरणे हे झोप न लागण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांनाही हेच लागू आहे.

१९. साप किंवा विंचू चावल्यास तगर उगाळून लावतात असे आजोबा सांगत. ते करावे का?

करू नये. ग्रंथांत विषावरचा उल्लेख आहे हे खरे असले तरी सापाच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. चावलेला अवयव हलू न देता माणसाला ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात न्यावे. उगाळण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेतू शकतो. विंचू चावल्यावर लहान मुलाला घाम, उलट्या किंवा धाप सुरू झाल्यास तेच करावे.

२०. मुलाला मिरगीची गोळी चालू आहे. तगर सुरू करून गोळी बंद करता येईल का?

कदापि नाही. मिरगीची गोळी एकाएकी बंद केल्यास झटके एकामागून एक येऊन जीव धोक्यात येतो. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे: मिरगीवर आज सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध, व्हॅलेरियनमध्ये आढळणाऱ्या व्हॅलेरिक आम्लाशी नाते असलेल्या एका आम्लापासून आले आहे. ते आम्ल १८८२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, पुढे कित्येक दशके नुसते द्रावक म्हणून वापरले गेले आणि १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये त्याचा झटके थांबवण्याचा गुण अपघाताने लक्षात आला. पण म्हणून मूळ चघळल्याने त्या गोळीचे काम होत नाही. व्हॅलेरियनच्या मुळामध्ये व्हॅल्प्रोएट नसतेच.

२१. घरच्या कर्त्या माणसाला महिन्यांपासून झोप नाही, जेवणावरही मन नाही. तगराचा काढा द्यावा का?

अशा अवस्थेत काढ्यावर वेळ घालवू नये. झोप उडणे, भूक जाणे, बोलणे कमी होणे, कर्जाचा किंवा नापिकीचा विषय सतत मनात घोळत राहणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. त्यावर मराठीत बोलता येते आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानावर आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत.

२२. महिनाभर तगर घेत आहे आणि आता हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे का?

होय, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगावे, कारण भुलेच्या औषधांचा परिणाम याने वाढू शकतो. “झाडपाल्याचे आहे, त्यात काय सांगायचे” म्हणून ही गोष्ट लपवली जाते. तारीख ठरल्याबरोबर सांगितल्यास औषध टप्प्याटप्प्याने कमी करण्यास वेळ मिळतो. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेणाऱ्याने ते एका दिवसात तोडल्यास अस्वस्थता आणि भ्रम झाल्याची नोंद आहे. ऐन वेळी शस्त्रक्रिया करावी लागली, तर शेवटची मात्रा केव्हा व किती घेतली ते कागदावर लिहून द्यावे आणि मुळाची बरणी सोबत न्यावी.